काजळाची मिशी

स्नेहसंमेलन जवळ आलं की आमच्या कन्याशाळेत गडी कोण होणार हा प्रश्नच नसायचा. कोळीनाच असो की शेतकरीनाच, लुंगी मीच गुंडाळायची, टोपी मीच घालायची आणि काजळाची मिशी माझ्याच ओठावर उमटायची. मी वर्गात सगळ्यांत उंच, वर आवाज घोगरा. आमचं घराणं पूर्वी मेंढरांमागं रानोमाळ हिंडणारं. पाय लांब नसतील तर काय होतील, असं आई म्हणायची आणि उसासा टाकायची, कारण एवढ्या उंच पोरीला नवरा कुठून आणायचा ही चिंता तिला मी दहावीत असल्यापासून खात होती. मला मात्र, खोटं कशाला बोलू, मिशी आवडायची. मिशी लावली की कसं बसावं, किती हसावं, पदर कुठं असावा हे कुणी सांगायला येत नसे.

ती कायम माझी बायको. पाचवीपासून आम्ही एका बाकावर. शाळा इंदापूरची, आणि ती जवळच्याच वाडीवरची, माळव्याच्या म्हणजे भाजीपाल्याच्या मळ्यातली. सकाळी कोथिंबिरीच्या जुड्या बांधून मग शाळेत यायची, त्यामुळं पहिल्या तासाला तिच्या हातांना ओल्या कोथिंबिरीचा वास असायचा. बुटकी, गोल चेहऱ्याची, मनातलं लगेच तोंडावर येणारी. मी कुणाशी भांडले की ती मध्ये पडायची, आणि मग दोघींनाही शिक्षा व्हायची. मी भांडायचेही फार.

आम्ही बारावीला असताना चित्रकलेला नवीन बाई आल्या. गोव्याच्या. त्यांचे यजमान साखर कारखान्यात इंजिनिअर होते आणि त्या कारखान्याच्या कॉलनीत राहायच्या. त्या वर्षी नाच बसवायचं काम त्यांच्याकडं आलं. त्यांनी टेपरेकॉर्डर टेबलावर ठेवला, कॅसेट लावली आणि म्हणाल्या, "मुलींनो, याला टँगो म्हणतात. आमच्याकडं लग्नात नाचतात." मोठ्या बाईंनी दारातून विचारलं की हे काय परदेशी खूळ, तर या म्हणाल्या, "कवायतच आहे हो, फक्त जोडीनं करायची." मोठ्या बाई कवायतीला कधी नाही म्हणत नसत.

गडी मी आणि बायको ती, हे ठरलेलंच. पण हा नाच आमच्या ओळखीचा नव्हता. आमच्या घरी ढोल वाजला की वडील आणि चुलते पायघोळ झगे घालून, हातात रुमाल घेऊन धनगरी गजी नाच करायचे. बायकांनी लांबून बघायचं. तिच्या घरी पंचमीला बायका फुगड्या घालायच्या आणि गडीमाणूस तिकडं फिरकत नसे. बाई आणि गडी एकमेकांना धरून नाचतात हेच आम्हाला नवीन. बाईंनी माझा उजवा हात तिच्या पाठीवर ठेवला, तिचा डावा माझ्या खांद्यावर, आणि उरलेले दोन हात एकमेकांत दिले. मग माझ्याकडं बघून म्हणाल्या, "तू पुढं चालणार, ती उलटी चालणार. तिला मागचं दिसत नाही, तुला दिसतं. तिला ठेच लागली तर चूक तुझी."

त्यांनी रीतही शिकवली. पुरुषानं तिच्यासमोर जाऊन किंचित वाकायचं. तिला नाचायचं असेल तर तिनं हात द्यायचा, नसेल तर नजर खाली घालायची, आणि मग पुरुषानं मुकाट परत फिरायचं. कुणी कुणाला बोल लावायचा नाही.

"न्हाय म्हनायची मुभा हाय व्हय, बाई?" तिनं विचारलं.

"आहे की. त्या मुभेशिवाय नाच कसला?"

तिला ही गोष्ट एवढी आवडली की पुढं आठवडाभर मी वाकले की ती मुद्दाम नजर खाली घालायची. मी परत फिरायचे, पुन्हा यायचे, पुन्हा वाकायचे. मग ती खुदकन हसून हात द्यायची. आणि शेवटची रीत म्हणजे, नाच संपला की तिला मध्येच सोडून जायचं नाही. जिथून उठवलं तिथं हाताला धरून नेऊन बसवायचं, आणि मगच हात सोडायचा.

आम्ही वर्गातली बाकं भिंतीला लावून सराव करायचो. पहिल्यांदा ती सारखी मान वळवून मागं बघायची. मग बघेनाशी झाली. मग तर डोळे मिटून चालायला लागली. एक माणूस डोळे मिटून उलटं चालतंय आणि त्याला कुठं न्यायचं हे आपल्या हातात आहे, ही गोष्ट कुणी माझ्यावर तोवर सोपवली नव्हती. त्या दिवसांत मी घरीसुद्धा कुणाशी भांडले नाही. मी फार सुखात होते. त्या सुखाला काय म्हणतात ते मला माहीत नव्हतं, आणि विचारायचं कुणाला हेही माहीत नव्हतं.

संमेलनाला बाईंनी यजमानांचा काळा कोट, पँट, बूट आणि हॅट दिली. वेणी हॅटमध्ये कोंबली. तिला बाईंचाच एक लांब झगा आखडून दिला. टाळ्या भरपूर पडल्या. बारामतीहून आलेल्या फोटोग्राफरनं आमचा फोटो काढला. माझा चेहरा तिच्याकडं वळलेला, तिचे डोळे मिटलेले.

त्यानंतर थोड्याच दिवसांत तिची सुपारी फुटली. स्थळ कोऱ्हाळे बुद्रुकचं. उसाचा बागायतदार, घरचा ट्रॅक्टर, माणसं बरी. परीक्षा झाली की मेमध्ये लग्न. तिनं मला मधल्या सुट्टीत सांगितलं आणि चेहऱ्याकडं बघत राहिली. मी म्हटलं, "पुढं शिकायचं म्हणत होतीस ना?" ती म्हणाली, "म्हनत हुते." एवढंच. मी घरी आले आणि मला भडभडून आलं. आईला वाटलं, मैत्रिणीचं जमलं आणि आपलं जमत नाही म्हणून पोरगी रडतेय. तिनं माझ्या पाठीवरून हात फिरवला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला, पण सांगणार काय?

एका संध्याकाळी मी तिच्या वडिलांकडं गेले. सगळे त्यांना तात्या म्हणायचे. ते बांधावर टोमॅटोच्या काठ्या मोकळ्या करत होते. मी म्हटलं, "तात्या, तिला शिकू द्या की. ती हुशार हाय. मी पुण्याला जाणार हाय, आमी दोघी एका खोलीत राहू." त्यांनी वरही बघितलं नाही.

"आन मग?"

"मग नोकरी करू."

"आन मग?"

ते काठी आपटून माती झाडत म्हणाले, "पोरी, तू काय जलमभर सांभाळनार हायेस का तिला? तू काय गडी हायेस?" ते रागानं बोलले नव्हते, उलट थोडं हसूनच. मी बांधावरून उतरले आणि घरापर्यंतचा रस्ता कसा संपला ते मला कळलं नाही.

परीक्षा तोंडावर आली आणि घोटाळा झाला. नवऱ्या मुलाचे मामा बाजारच्या दिवशी बारामतीला गेले होते. स्टँडजवळच्या फोटोच्या दुकानासमोर पान खात उभे राहिले आणि काचेत त्यांना आपली होणारी भाचेसून दिसली. एका कोटवाल्या तरण्या पोराच्या मिठीत, डोळे मिटून. फोटो चांगला हातभर मोठा केलेला. त्याचं असं झालं होतं की नाचताना घामानं माझी मिशी पसरली होती. फोटोत ती पुसट आली. फोटोग्राफर आपल्या कामाला जागणारा माणूस. त्यानं ब्रश घेतला आणि मिशी रंगवली. नुसती रंगवली नाही, पीळ दिला. गालालाही थोडी दाढीची छटा दिली. असा देखणा पोरगा तयार झाला की माझ्या चुलत्यांनी तो फोटो बघितला तर तेही म्हणाले, कुणाचं गं हे पोरगं?

मामांनी मित्रांना दाखवला, मित्रांनी आणखी चौघांना. कोऱ्हाळ्याचं निम्मं गाव बाजाराच्या निमित्तानं बघून आलं. निरोप आला की सोयरीक मोडली म्हणून समजा.

तिच्या घरी प्रेतकळा पसरली. तात्या बारामतीला धावले, फोटोग्राफरला म्हणाले, सांग बाबा खरं काय ते. तो बिचारा घाबरला. त्याला वाटलं, मारायलाच आलेत. "मी कशाला हात लावलेला न्हाय, मला कायबी ठावं न्हाय," म्हणाला आणि त्याच दिवशी काचेतला फोटो काढून टाकला. मग तर झालंच. जिकडंतिकडं एकच, बघा, लपवला का न्हाय? मोठ्या बाईंकडं गेले तर त्या म्हणाल्या, शाळेचं नाव असल्या भानगडीत नको. तिच्या आईनं अंथरूण धरलं. तात्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं, आणि त्याचा राग पोरीवर निघत होता. त्यांनी तिला सांगून टाकलं की कोऱ्हाळ्याचं फिसकटलं तर सुपे गावच्या माणसाला हो म्हणणार. सुप्याचा माणूस तिच्या दुप्पट वयाचा, बायको गेलेली, घरात दोन लेकरं. तो केव्हाही तयारच होता.

ती माझ्याकडं आली तेव्हा तिचा चेहरा ओळखू येईना. मी पुस्तकं घेऊन शेळ्यांच्या गोठ्याशेजारी बसले होते. ती खाली बसली आणि माझे पायच धरले.

"अगं येडी का काय! ऊठ."

"तू येऊन सांग त्यास्नी. तूच हुतीस म्हनून सांग. माझ्या आईचं काय खरं न्हाय. सुप्याला न्हाय जायचं गं मला."

मी म्हटलं, "आणि कोऱ्हाळ्याला जायचंय?"

ती म्हणाली, "दोनच दारं हायती. तिसरं कुठं दिसतंय का तुला?"

मी खूप शोधलं. त्यानंतरचे काही दिवस मी दुसरं काही केलंच नाही. पुस्तक उघडं असायचं आणि मी तिसरं दार शोधत असायचे. पळून जावं तर दोन पोरी कुठं पळणार? माझ्या वडिलांना घालावं मध्ये, तर ते म्हणाले, लोकांच्या लेकीच्या लग्नात आपण कोण? मला वाटायचं, आपण गप्प बसलो तर हे लग्न मोडेल. लगेच वाटायचं, मोडलं तर सुपे. डोक्याचा पार भुगा झाला. तिला दिसत नव्हतं आणि मला दिसत होतं, पण मी कुठंही पाऊल टाकलं तरी ठेच तिलाच लागणार होती.

शेवटी मी हट्टानं वडिलांना तयार केलं आणि आम्ही दोघं कोऱ्हाळ्याला जाऊन सांगून आलो की फोटोतला पोरगा मीच. नवऱ्याच्या वडिलांनी, आबांनी, मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. त्यांना पटल्यासारखं वाटलं. पण मामा अडले. "आसं कुनीबी यील आन सांगंल. त्या पोराला मिशी हुती, राव. मी माझ्या डोळ्यानं बघितली. आमाला दाखवा. तीच कापडं घालून, त्योच नाच करून दाखवा. मग मानतो."

मी कोट आणायला कॉलनीत गेले. बाईंनी सगळं ऐकलं. त्यांचे डोळे भरले. "माझ्यामुळं झालं गे हे," म्हणाल्या. मी येते म्हणाल्या, पण परक्या गावची बाई मध्ये आली तर मामा आणखी पेटतील म्हणून मीच नको म्हटलं. त्यांनी कोट, पँट, हॅट, बूट आणि टेपरेकॉर्डर पिशवीत घालून दिला. दारात म्हणाल्या, "नीट ने तिला."

रविवारी दुपारी तिच्या अंगणात बैठक बसली. आबा, मामा, नवऱ्याची आत्या, आणखी दोन-तीन माणसं सतरंजीवर. नवरा मुलगा आला नव्हता. त्याला कुणी विचारलंही नसावं. वाडीवरच्या बायका कुडाच्या पलीकडं दाटीनं उभ्या. तिची आई अंथरुणातून उठून स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी टेकून बसली होती आणि ती आईच्या पायाशी. मी शेजारच्या खोलीत कोट चढवला, वेणी हॅटमध्ये कोंबली आणि आरशात बघून मिशी काढली. आयुष्यात पहिल्यांदा मला मिशीची लाज वाटली.

टेप लावायला गेले तर वीज नव्हती. कुणीतरी म्हणालं, थांबू या. मामा म्हणाले, "गान्याचं काय काम हाय? नाचाचं बघायचंय." म्हणून गाण्याशिवायच.

मी उंबऱ्यापर्यंत चालत गेले आणि तिच्यापुढं वाकले. खरं तर वाकायची गरज नव्हती, ती रीत तिथं कुणाला ठाऊक होती? पण अंग सवयीनं वाकलं. आणि वाकल्यावर मात्र मी मनात देवाचा धावा केला. नजर खाली घाल. एकदा, खरोखरीची, खाली घाल. मी परत फिरते, मग मारू देत मला हे सगळे. तिनं माझ्याकडं सरळ बघितलं. तिच्या ध्यानात आलं होतं, मला खात्री आहे. तिनं हात दिला.

आम्ही अंगणाच्या मध्यावर आलो. मी ओठ मिटून ती धून गुणगुणू लागले. शेणानं सारवलेल्या जमिनीवर बाईंच्या यजमानांचे मोठे बूट घासत होते आणि तिचे पाय अनवाणी. तिच्या हातांना कोथिंबिरीचा वास येत होता. अशा दिवशीही सकाळी जुड्या बांधून झाल्या होत्या. पहिल्या वळणाला ती माझ्या कोटात पुटपुटली, "चुकू नगंस." मी चुकले नाही. तुळशीचा कट्टा, पाण्याचा हौद, सतरंजीचा काठ, सगळं मला तिच्या खांद्यावरून दिसत होतं आणि मी तिला त्यातून अलगद नेत होते. ती डोळे मिटून उलटी चालत होती. कुणी खोकत नव्हतं. इतकं चांगलं आम्ही शाळेतही नाचलो नव्हतो. आणि मी जितकं चांगलं नाचत होते तितकी ती माझ्या हातून जात होती, हे मला कळत होतं, आणि वाईट नाचायची सोय नव्हती.

दुसऱ्या वळणाला ती पुन्हा बोलली. "जरा येळ लाव."

मी पावलं बारीक केली. तिनं खांद्यावरचा हात घट्ट केला. मला वाटलं, असंच हळू हळू करत गेलं तर हे संपणारच नाही, दिवस मावळेल, माणसं कंटाळून उठून जातील.

"बास, बास!" आत्या उठून आल्या. त्यांनी माझी हॅट काढली, तशी वेणी कमरेपर्यंत खाली आली. पदराचं टोक थुंकीनं ओलं केलं आणि माझा वरचा ओठ घासला, भांडं घासावं तसा. ओठ हुळहुळला. काजळ माझ्या गालभर झालं.

"अगं बया! पोरगीच की वो ही!"

कुडाच्या पलीकडं हशा फुटला. आबा हसले, तात्या रडता रडता हसले, मामा मान हलवत म्हणाले, "त्या फोटूवाल्याला बगतोच आता." कुणीतरी चहा टाकायला सांगितलं. तिच्या आईनं हात जोडून कपाळाला लावले. एका अंगणातल्या सगळ्या माणसांच्या जिवावरचा दगड एकदम उतरला आणि सगळी माझ्याकडं प्रेमानं बघू लागली. मी पोरगी होते. माझ्यापासून कुणाला काही भीती नव्हती. हे पुन्हा कधी कुणी मला सिद्ध करायला लावलं नाही, गरजच पडली नाही. त्या एका दुपारीच ते कायमचं झालं.

आमचे हात अजून एकमेकांत होते. ते कुणाच्या लक्षात नव्हतं, किंवा असूनही आता त्याचं काही नव्हतं. नाच संपला होता. जिथून उठवलं तिथं नेऊन बसवायचं, म्हणून मी उंबऱ्याकडं वळले.

"तिकडं कुठं? हितं आन तिला, माझ्याजवळ," आत्या सतरंजीवर बसत म्हणाल्या आणि शेजारची जागा हातानं थोपटली. मी तिच्या आईकडं बघितलं. आईनं डोळ्यांनी खुणावलं, तिकडंच ने.

आम्ही अंगण ओलांडलं. सगळा नाच ती मागं काय आहे ते न बघता उलटी चालली होती. आता ती माझ्या बरोबरीनं सरळ चालत होती, डोळे उघडे होते, सतरंजी समोर होती, आणि तरीही ती चालत होती. मी तिला आत्यांच्या शेजारी बसवलं आणि हात सोडला.